डाव्या सीटपुढचा ब्रेक

हे सगळं मी डाव्या हाताच्या अंगठ्याने मोबाईलवर टाइप केलं आहे. एक परिच्छेद लिहायला कधी कधी दोन दिवस लागतात. फोनमध्ये बोलून टाइप होते म्हणे, पण माझं बोलणं घरच्यांनाच अर्धं कळते, तर फोनला काय डोंबल कळणार. काना-मात्रा माझी मुलगी वैशाली पाहते. मजकुरात मात्र तिने हात घालायचा नाही, असं आमचं ठरलं आहे.

मी पांढरकवड्याला गाडी चालवायला शिकवायचो. वीस-पंचवीस वर्षं तेच केलं. शिक्षक, नर्सा, दुकानदार, नवे नवरदेव, शेतकऱ्यांच्या सुना, सगळे माझ्या हाताखालून गेले. मला सगळे उस्ताद म्हणतात. बायकोसुद्धा रागात असली की उस्तादच म्हणते. माझ्या गाडीला एवढ्या वर्षांत साधा ओरखडा नाही, हे मी चहाच्या टपरीवर रोज कोणाला ना कोणाला ऐकवायचो.

शिकवणीची गाडी आतून कशी असते, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिकणारा बसतो उजवीकडे, स्टिअरिंगवर. उस्ताद बसतो डावीकडे. उस्तादाच्या पायापुढेही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला असतो आणि तो शिकणाऱ्याच्या पेडलला जोडलेला असतो. मी माझा ब्रेक दाबला की त्याच्याकडचाही खाली जाते. त्याचा पाय आधीच तिथे टेकलेला असला, तर त्याला वाटते की आपणच दाबला. एवढी गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचं सगळं समजेल.

तो दिवस

सकाळी सहाला हातातून ब्रश पडला. उचलला, तर परत पडला. बायको म्हणाली, डॉक्टरला दाखवून घ्या. मी म्हणालो, झोपेत हात दबला असन. बीपीची गोळी मी दोन महिन्यांपासून घेत नव्हतो. काहून घेत नव्हतो? कारण मला काही होत नव्हतं. गोळी घेत होतो म्हणून होत नव्हतं, हे समजायला डोकं लागते.

साडेनवाला शाळेतल्या एका बाईंची शिकवणी होती. केळापूरच्या रस्त्याने आम्ही निघालो. थोड्या वेळाने मला सांगायचं होतं, मॅडम, गिअर बदला. शब्द तोंडात येऊन लोळले, बाहेर निघाले ते भलतेच. बाईंना वाटलं उस्ताद चिडले. मी चिडायचोच, त्यामुळे त्यांचंही चुकलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं. रस्ता चढाचा होता, म्हणून गाडी आपोआप बंद पडली. माझा उजवा पाय ब्रेकवर होता, पण तो तिथे आहे हे मला कळत नव्हतं.

माणसं गोळा झाली. एक म्हणे अंगावरून वारं गेलं. दुसऱ्याने एका गावाचं नाव घेतलं, तिथे लकव्यावर तेल चोळून देतात, त्याचा मावसा तिथेच चालायला लागला होता. बाईंनी माझ्या फोनवरून वैशालीला फोन लावला. वैशाली नर्स आहे, तेव्हा गावातल्याच दवाखान्यात कंत्राटावर होती. तिने एवढंच सांगितलं की बाबांना कुठंच न्यायचं नाही, पाणीसुद्धा पाजायचं नाही, मी अॅम्ब्युलन्स घेऊन येते. त्या पोरीमुळे मी आज लिहितो आहे.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला की हे सुरू कधी झालं. वैशाली म्हणाली, साडेनवाला. डॉक्टर घड्याळाकडे पाहून भराभर लिहायला लागले. तेवढ्यात मागून बायको हळूच बोलली.

"सायेब, सकाळी सहालेच यांच्या हातातून ब्रश पडला होता."

डॉक्टरांचा पेन थांबला. त्यांनी वैशालीला बाजूला नेलं. रक्ताची गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन काही तासांच्या आतच द्यावं लागते आणि ती वेळ निघून गेली होती. मला सगळं ऐकू येत होतं, सगळं समजत होतं. माझ्या बायकोने खरं बोलून माझा जीव वाचवला की पाय घालवला, यावर नातेवाइकांत पुढे बरीच चर्चा झाली. उशिरा दिलं असतं तर डोक्यात रक्तस्राव झाला असता, असं डॉक्टर म्हणाले. तिने बरोबरच केलं. सहा वाजता बरोबर करायचं होतं ते मी.

चला

उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. डोकं जागेवर होतं, हे लोकांना समजायला वेळ लागला. माझ्याशी सगळे मोठ्याने आणि लहान पोरासारखं बोलायचे. मले आयकू येते बे, असं ओरडावंसं वाटायचं.

चौथ्या दिवशी तोंडातून एक शब्द निघाला. "चला." बायको रडायला लागली, तिला वाटलं मी बरा झालो. मी पाणी मागत होतो. मग लक्षात आलं की मला काहीही म्हणायचं असो, बाहेर "चला"च येते. भूक लागली, चला. लघवी लागली, चला. पंखा बंद करा, चला. डॉक्टर म्हणाले की असं होते, माणूस आयुष्यभर जो शब्द जास्त वापरतो तो कधी कधी एकटाच शिल्लक राहते. प्रत्येक शिकवणी मी त्याच शब्दाने सुरू करायचो. बेल्ट लावा, आरसा पाहा, चला.

वॉर्डाचं गाडं ठरलेलं होतं. सकाळी सफाईवाल्या मावशी, मग ब्लड प्रेशर, मग गोळ्या, मग फिजिओवाली मुलगी. ती पाय वर-खाली करायची आणि म्हणायची, काका, मनातून दाबा, पायाला आठवू द्या. मी मनातून इतका दाबायचो की घाम यायचा. अंगठा हलायचा नाही. माणसाला पाय असून नसणं म्हणजे काय, हे सांगून कळत नाही. अंथरुणात दुसऱ्याच कोणाचा तरी पाय ठेवला आहे असं वाटायचं आणि मला त्याची घाण वाटायची.

मावशींचा मात्र मला आधार होता. त्या पोछा मारत यायच्या, मी म्हणायचो चला, त्या म्हणायच्या, "चाल्ली ना उस्ताद, तुमी बी चाला." आणि मग स्वतःच्या सुनेची सगळी गाऱ्हाणी सांगायच्या. मी मध्ये मध्ये चला म्हणायचो. त्या वॉर्डात माझ्याशी सरळ बोलणारी तेवढी एकच बाई होती.

तिची ऑर्डर

बाराव्या दिवशी वैशाली पेढे घेऊन आली. तिची कायम नेमणूक झाली होती. आरोग्य उपकेंद्र झरी जामणी तालुक्यात, पार जंगलातल्या गावात. बस दिवसातून एकदा, तीही तिच्या वेळेची नाही. पोरगी पलंगावर बसून आनंदाने सांगत होती.

"बाबा, तुम्ही बिलकुल टेन्शन घेऊ नका. आपली गाडी उभीच हाये ना. मी रोज गाडीनंच जाईन. तुम्हीच तर शिकवलं मले."

मी हातातला पेढा तसाच ठेवून दिला.

तिला मी दोन वर्षांपूर्वी शिकवलं होतं. माझी शिकवायची पद्धत सांगतो. शिकणारा घाबरला की तो शिकत नाही, असं माझं मत. म्हणून समोर काही आलं की त्याच्या आधी मीच हळूच ब्रेक दाबायचो. गाडी झोकात थांबायची. त्याला वाटायचं आपल्याला जमलं, तो खूश. गाडीला ओरखडा नाही, मी खूश. चाचणीच्या मैदानावर पहिल्या गिअरमध्ये आठचा आकडा काढायचा, तिथे ब्रेक लागते तरी किती. परक्यांचं मी एवढं जपलं, तर स्वतःच्या लेकीचं किती जपलं असन, विचार करा.

एक दिवस बकऱ्यांचा कळप रस्त्यात आला होता. वैशालीने ब्रेकवर पाय ठेवला. नुसता ठेवला. दाबला मी. गाडी बकऱ्यांपासून हातभर अंतरावर थांबली आणि ती स्टिअरिंग सोडून टाळ्या वाजवायला लागली. "बाबा, पाह्यलं का, कसा ब्रेक मारला!" मी म्हणालो, शाब्बास. खरं सांगायला तोंड होतं तेव्हा हे बोललो मी.

लायसन्स मिळाल्यावर ती गाडीला हातही लावत नव्हती, स्कूटीवर फिरायची. म्हणून मी तो विषय विसरलो होतो. आता ती वळणावळणाच्या रस्त्याने एकटी जाणार होती आणि गाडी जोरात थांबवायला किती जोर लागते, हे तिच्या पायाला माहीतच नव्हतं.

मी सांगायला लागलो. चला. चला, चला. वैशाली हसली, आईला म्हणाली, पाहा, बाबांनाही घाई झाली. मी डाव्या हाताने उजव्या पायाकडे दाखवलं. बायकोने तेल आणलं आणि पाय चोळायला बसली. मी पाय झटकावा म्हटलं, तर तो झटकेना. मी कागद मागितला, म्हणजे हाताने तशी खूण केली. अक्षरं डोळ्यापुढे दिसायची, हाताला उतरायची नाहीत. मग मी दोन चौकोन काढले आणि त्यांना जोडणारी एक रेघ. बायकोने तो कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाली, अहो, गॅस बंद करूनच आलो आम्ही, घराची काळजी करू नका.

मी रडलो. लकव्याचा माणूस उगाच रडते, असं डॉक्टरांनी त्यांना सांगूनच ठेवलं होतं.

दिवसातून दहा वेळा मी तो प्रयत्न करायचो. चौकोन, रेघ, पाय. वैशालीच्या तोंडाकडे पाहत राह्यचो, आता समजेल, आता समजेल. ती माझे डोळे पुसायची आणि म्हणायची, सगळं ठीक होईल बाबा. आजारपणात दुखलं-खुपलं ते मी विसरलो. हे दिवस विसरलो नाही.

घरी जाताना

सुट्टी झाली त्या दिवशी वैशाली गाडी घेऊन आली. आपली शिकवणीचीच गाडी. सकाळच्या मोकळ्या रस्त्याने ती आरामात आली होती, चेहरा फुलला होता. मी दवाखान्याच्या दारात गाडी पाहिली आणि व्हीलचेअरचं चाक डाव्या हाताने धरून ठेवलं. मला म्हणायचं होतं, मी बसत नाही, तू चालवू नको. तोंडातून निघालं, चला.

सगळे हसले. घरी जायची किती हौस, म्हणाले. दोघा जणांनी मला उचललं. मागच्या सीटवर ताठ पाय मावेना, म्हणून पुढे डावीकडे बसवलं. माझ्या नेहमीच्या जागी. माझ्या ब्रेकपुढे. बायकोने माझा उजवा पाय उचलून आत ठेवला आणि दार लावलं. वैशालीने माझा बेल्ट लावला, स्वतःचा लावला, आरसा पाहिला. मी शिकवलेलं सगळं तिने केलं.

चांगली चालवत होती, खोटं कायले बोलू. गिअर सफाईने, हॉर्न गरजेपुरता. वेग माझ्या हिशेबाने थोडा जास्त. दुपारची वेळ, कापसाचे दिवस. पांढरकवडा वीस-एक किलोमीटर राहिला असेल. डावीकडच्या पांदणीतून एक बैलबंडी निघत होती, कापसाने गच्च भरलेली, वर म्हातारा बसलेला. मी तिला लांबूनच पाहिलं. आयुष्यभर मी तेवढंच केलं होतं, दुसऱ्याच्या आधी पाहणं.

डोक्याने पायाला सांगितलं. पाय गेला नाही.

वैशालीने पाय ब्रेकवर आणला. आणला आणि ठेवला, हलक्या पायाने, नेहमीसारखा. तिच्या अनुभवात तेवढ्याने गाडी थांबत होती. म्हाताऱ्याने हात वर केला. बंडी आडवी होत गेली, चाकं डांबरावर चढली. मी पूर्ण जीव लावून ओरडलो. मला थांब म्हणायचं होतं.

"चला! चला!"

तेव्हा ती दचकली आणि तिने जोरात दाबला. फार उशीर झाला होता. आवाज मोठा आला. काच फुटली नाही, पण बोनेटवर कापूसच कापूस, समोर काही दिसेना. बैल जू तोडून बाजूच्या वावरात धावले. म्हातारा खाली पडला होता.

वैशाली उतरून त्याच्याकडे पळाली. बायको मागे किंचाळत होती. मी बेल्टमध्ये अडकून बसलो होतो. बेल्टचं बटण उजव्या अंगाला, डावा हात तिथपर्यंत नेऊनही दाबता येईना. विंडस्क्रीनवरून कापसाचे पुंजके हळूहळू खाली घसरत होते आणि मी ते पाहत होतो. माझा पाय माझ्या ब्रेकवर तसाच टेकलेला होता, बायकोने ठेवला होता तिथे.

म्हाताऱ्याचा हात मोडला होता. वैशालीने ओढणीने तो बांधला, त्याला त्याच गाडीत मागे बसवून दवाखान्यात नेलं, मग ठाण्यात जाऊन स्वतः जबाब दिला. म्हातारबा सज्जन माणूस. रस्ताभर कण्हत होता, पण शिवी दिली नाही. एकदाच बोलला, तेही चूक दाखवावी म्हणून नाही, त्याला खरंच समजत नव्हतं म्हणून.

"बाई, म्या तं हात दाखोला होता."

वैशालीने गाडी आणखी हळू केली.

घरातले दिवस

त्यानंतर घरात जे झालं ते दवाखान्यापेक्षा वाईट होतं. बायकोचा राग सगळा पोरीवर. मरता मरता वाचलेल्या बापाले तू मारत होती, येत नाही तं कायले चालवते, असं ती दिवसातून चारदा म्हणायची. वैशाली ऐकून घ्यायची. ती बसने उपकेंद्रावर हजर झाली, तिथेच एका घरी खोली घेतली, शनिवारी घरी यायची. जेवायची नाही धड. एकदा मला भरवताना तिने हळूच सांगितलं, "बाबा, मले गाडी येतच नाही. तुमचं नाव खराब केलं मी."

नाव माझं! मी मान हलवली, नाही, नाही. तिला वाटलं मी तिची समजूत काढतो आहे.

जवळजवळ महिनाभर ती माझी चूक डोक्यावर घेऊन फिरत होती आणि मी दीड हाताच्या अंतरावर बसून काही करू शकत नव्हतो. माझ्यासारख्या लोकांच्या घरच्यांना मी हात जोडून सांगतो, म्हणजे एकच हात आहे जोडायला. आजारी माणूस एकच खूण पुन्हा पुन्हा करत असला तर त्याला तेल चोळू नका. थांबा, आणि विचारत राहा. हो-नाही करता येतील असे शंभर प्रश्न विचारा.

गाडी दुरुस्त होऊन आली त्या रविवारी वैशाली अंगणात गाडी पुसत होती. डाव्या बाजूचं दार उघडून आत वाकून चटई झाडत होती. मी ओसरीवरून पाहत होतो. चटई काढताना तिने आधारासाठी माझ्या ब्रेकवर हात टेकवला. आणि ती थबकली. पलीकडचा ब्रेक खाली गेलेला तिने पाहिला. हात उचलला, पेडल वर आलं. परत दाबलं, परत खाली गेलं. हे दोन ब्रेक जोडलेले असतात, हे तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असते. ती तशीच वाकून कितीतरी वेळ दाबत-सोडत राहिली.

मग ती ओसरीवर आली, माझ्यासमोर उकिडवी बसली.

"बाबा, त्या बकऱ्या. तो ब्रेक कोणं मारला होता?"

मी डावा हात उचलला आणि छातीवर ठेवला.

रजा टाकून ती घरीच राहिली, पण दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं. जेवण भरवलं, गोळ्या दिल्या, लुंगी बदलली, पण शब्द नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आईला मात्र तिने सगळं सांगितलं असावं, कारण बायकोने पोरीला टोचून बोलणं बंद केलं.

यार्ड

तिसऱ्या दिवशी वैशालीने गॅरेजवाल्याला बोलावून माझ्याकडचे दोन्ही पेडल काढून टाकले. मग मला उचलून गाडीत बसवलं आणि बाजार समितीच्या रिकाम्या यार्डात नेलं, पार पहिल्या गिअरमध्ये. म्हणाली, आता शिकवा.

बोलता तर येत नव्हतं. मी एक काठी घेतली. काठी डॅशबोर्डवर मारली की तिने पूर्ण जोर लावून ब्रेक दाबायचा. समोर रिकाम्या पोत्यांची एक रांग टाकली होती. पहिल्या दिवशी ती सगळी पोती तुडवून पुढे गेली. उतरून तिने मोजलं की आपण कुठून दाबला आणि गाडी कुठे थांबली. तिचा चेहरा उतरला होता. एवढं अंतर लागते? हो बाई, लागते. मी ते तुला कधी दिसूच दिलं नाही.

पुढच्या शनिवार-रविवारी, त्याच्या पुढच्याही, तेच चाललं. कोरड्या जागेवर, पाणी टाकलेल्या जागेवर, उतारावर. टायर किंचाळायचे. बेल्ट माझ्या छातीत रुतायचा. चौथ्या की पाचव्या रविवारी ती वेगात आली, मी काठी उचलली, पण मारायच्या आधीच तिने दाबला. गाडी पोत्यांच्या अलीकडे थांबली. आणि सगळं शांत झाल्यावर माझ्या तोंडातून शब्द निघाला.

"थांब."

गाडी थांबलेलीच होती. आम्ही दोघंही हसलो आणि मग दोघंही रडलो. त्यानंतर हळूहळू बाकीचे शब्द येत गेले, काही आले नाहीत. पाय आता काठीवर थोडा चालते. गाडी मी परत चालवणार नाही.

जे गाडी शिकायला जातात त्यांना माझं सांगणं आहे. शिकवणाऱ्याला नम्रपणे म्हणा, उस्ताद, एक दिवस पाय वर घेऊन मांडी घालून बसा. मोकळ्या मैदानात बसवा त्याला तसं. मग गाडी थांबवून पाहा. जे समजायचं ते त्या एका दिवसात समजेल. आणि बीपीची गोळी बंद करू नका. दोन्ही गोष्टी एकच आहेत माझ्या लेखी, काही होत नाही म्हणून सोडून दिलेल्या.

मिस कॉल

वैशालीने माझं जुनं रजिस्टर काढलं होतं, ज्यात शिकलेल्यांची नावं आणि फोन नंबर आहेत. सुट्टीच्या दिवशी ती एकेकाला फोन लावून सांगायची, यार्डात येऊन एकदा ब्रेक मारून पाहा. बहुतेक जण हसले. उस्तादाले काय झालं, आम्ही तर रोज चालवतो, म्हणाले. शाळेतल्या त्या बाई मात्र यार्डात येऊन दोन रविवार पोती तुडवून गेल्या. बरेच नंबर बदललेले निघाले. एक नंबर एका बाईचा होता, हसरी बाई, लवकर शिकली होती. फोन एका माणसाने उचलला. ती नाही आता, म्हणाला, आणि ठेवून दिला. काय झालं, कशाने झालं, आजार की दुसरं काही, विचारायची माझी हिंमत झाली नाही. वैशालीचीही नाही. त्यानंतर तिने फोन लावणं बंद केलं आणि मी लाव म्हटलं नाही.

खोली सोडून वैशाली आता रोज गाडीने जाते. निघताना मी म्हणतो, "हळू." हा शब्द मला जमते. ती गेली की मी ओसरीवर खुर्चीत बसतो, फोन मांडीवर ठेवतो. उपकेंद्रावर पोचली की ती एक मिस कॉल देते, एवढंच ठरलं आहे. तोपर्यंत माझा उजवा पाय जमिनीवर दाबलेला असते. बायकोने दाखवलं तेव्हा मला कळलं. फिजिओवालीने कितीदा सांगून जो पाय दाबत नव्हता, तो आता सकाळी आपोआप दाबते, टाच पांढरी पडेपर्यंत. काहीच कामाचं नाही ते.

मग फोन वाजते, एकदाच, आणि पाय ढिला होते.

रजिस्टर समोर फळीवर आहे. त्यातल्या बाकी कोणाचाच फोन येत नाही.